हुशार सदरा आणि जुना हातोडा

२०१७ साली लीव्हाइस आणि गूगल या दोन कंपन्यांनी मिळून डेनिमचे एक जॅकेट बाजारात आणले. किंमत ३५० डॉलर. दिसायला ते चारचौघांच्या जॅकेटसारखेच होते. फरक होता तो डाव्या बाहीच्या मनगटपट्टीत. तिथे सुताबरोबर वीज वाहून नेणारे धागे विणले होते. पट्टीवरून बोट फिरवले की खिशातल्या फोनवरचे गाणे बदले, पुढचे वळण कुठे घ्यायचे ते कानात ऐकू येई. सायकलवरून कामावर जाणाऱ्या माणसाला फोन खिशातून काढावा लागू नये, एवढाच त्यामागचा विचार. या उपक्रमाला नाव दिले होते ‘प्रोजेक्ट जकार्ड’. दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या ल्यों शहरात मागाचा कायापालट करणाऱ्या जोसेफ मारी जकार्डवरून ते घेतले होते. नाव ठेवणाऱ्यांनी मागाच्या इतिहासातला शोध तेवढा उचलला. त्या काळात मागांभोवती पेटलेली भांडणे तिथेच राहू दिली. स्मार्ट कपडे कुणाच्या कामी येणार आणि कुणाला काचणार हे समजून घ्यायचे, तर आधी त्या भांडणांकडे वळावे लागते. त्यांत विचारला गेलेला प्रश्न अजून सुटलेला नाही. तो फक्त कारखान्यातून निघून माणसाच्या अंगावर आला आहे.

आधी हे कापड चालते कसे ते पाहू. मनगटावर घड्याळ बांधणे वेगळे आणि सदऱ्याच्या धाग्यानेच यंत्राचे काम करणे वेगळे. नायलॉनच्या धाग्यावर चांदीचा पातळ मुलामा दिला, किंवा तांब्याची अतिशय बारीक तार पॉलिएस्टरबरोबर पिळली, की तो धागा मागावर नेहमीच्या सुतासारखा चालतो आणि वीजही वाहून नेतो. अशा धाग्यांचे पट्टे अंगाला घट्ट बसणाऱ्या बनियनमध्ये छातीपाशी विणले तर ते त्वचेला टेकून हृदयाचे विद्युतसंकेत टिपतात. ईसीजी काढताना छातीवर ज्या चकत्या चिकटवतात, त्यांचेच हे कापडी रूप. काही धागे ताणले गेले की त्यांचा विद्युतरोध बदलतो. त्यावरून छाती किती फुगली, म्हणजे श्वास किती घेतला, किंवा गुडघा किती वाकला हे मोजता येते. मोज्याच्या तळव्यात दाब ओळखणारे कापड घातले तर चालताना भार टाचेवर पडतो की चवड्यावर हे कळते. बॅटरी आणि ब्लूटूथ तेवढे एका छोट्या डबीत असतात. कपडा धुताना ती काढून ठेवायची. या विद्येची एक महत्त्वाची सुरुवात १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेत झाली. सुंदरेशन जयरामन या भारतीय वंशाच्या वस्त्रअभियंत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलाच्या पैशातून सैनिकासाठी एक शर्ट विणला. त्यात प्रकाशतंतू होते. गोळीने तंतू तुटला की जखम कुठे झाली हे दूर बसलेल्या डॉक्टरला कळावे, अशी कल्पना होती. पुढे हीच विद्या खेळाडू, रुग्ण आणि तान्ह्या मुलांच्या कपड्यांकडे वळली.

कापडाने हिशेब करावा ही गोष्ट वाटते तितकी नवी नाही. मुळात हिशेब करणारे यंत्रच कापडातून आले. नक्षीदार रेशीम विणताना कोणते ताण्याचे धागे कधी उचलायचे हे पूर्वी विणकराला हाताखालच्या पोराकडून करून घ्यावे लागे. ते पोर दिवसभर दोऱ्या ओढत राही. १८०४च्या सुमारास जकार्डने हे काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपवले. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तिच्याशी जोडलेला धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. पुठ्ठ्यांची माळ म्हणजे नक्षीचा लेखी हुकूम. चार्ल्स बॅबेजने १८३०च्या दशकात आपल्या गणनयंत्राचा आराखडा मांडताना पुठ्ठ्यांची ही युक्ती सरळ मागावरून घेतली, आणि तिचा वारसा पुढे संगणकापर्यंत पोहोचला. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याच्या तोंडी जकार्ड हा शब्द आजही असतो. आता मात्र ल्योंची दुसरी बाजू पाहा. नोव्हेंबर १८३१मध्ये तिथले रेशीम विणकर रस्त्यावर उतरले आणि काही दिवस सबंध शहर त्यांच्या ताब्यात होते. ते माग फोडायला निघाले नव्हते. माग त्यांच्याच घरात होते आणि त्यांवरच त्यांचे पोट होते. विणाईचा किमान दर ठरला होता, तो काही व्यापारी मानायला तयार नव्हते, आणि सरकारने व्यापाऱ्यांची बाजू घेतली. भांडण दराचे होते.

हीच गोष्ट यंत्रे फोडणाऱ्या इंग्लंडच्या लडाइटांबद्दल अधिक ठळकपणे दिसते, आणि त्यांच्याबद्दलच गैरसमज सर्वांत जास्त आहे. आज नवे तंत्र न पटणाऱ्या कुणालाही इंग्रजीत लडाइट म्हणतात. म्हणजे यंत्राला घाबरणारा, काळाला अडवू पाहणारा. मार्च १८११मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या आर्नल्ड गावात पहिली मोडतोड झाली, ती कसली? मोजे विणण्याच्या चौकटींची. विल्यम ली या पाद्र्याने ही चौकट १५८९मध्ये बनवली होती. म्हणजे फोडली तेव्हा तिचे वय सव्वादोनशे वर्षांच्या घरात होते. फोडणारे स्वतः पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर काम करणारे कारागीर होते. यंत्राची त्यांना भीती असती तर ते त्या धंद्यातच नसते. त्यांचा राग होता तो वापरावर. मोजा आकारात विणायचा असतो, त्याला स्वतःची किनार असते. काही मालक रुंद चौकटीवर सलग कापड विणून, ते कापून, नुसते शिवून मोजे म्हणून विकत. असा मोजा लवकर उसवे आणि साऱ्या धंद्याचे नाव बद्दू होई. वर मजुरी कापली जाई, शिकाऊ पोरांना पूर्ण कारागिराच्या जागी बसवले जाई, आणि कारागिराला चौकटीचे भाडे चुकत नसे. म्हणून ‘नेड लड’ या काल्पनिक सेनापतीच्या नावाने निघालेल्या टोळ्या निवड करत. ठरलेला दर देणाऱ्या मालकाची चौकट तशीच ठेवत आणि शेजारची फोडत. यंत्राचा सरसकट द्वेष करणारा माणूस असा हिशेब करत बसत नाही.

यॉर्कशायरमध्ये परिस्थिती जरा वेगळी होती. तिथे लोकरी कापडावरची लव वीसेक किलो वजनाच्या कात्रीने एकसारखी कातरणारे कारागीर होते, आणि कातरयंत्र त्यांचे काम खरोखरच काढून घेत होते. मार्सडन गावचा लोहार इनॉक टेलर ही यंत्रे बनवायचा आणि यंत्रे फोडण्याचे घणही त्याच्याच भट्टीतून यायचे. म्हणून त्या घणालाही लोकांनी इनॉकच म्हटले. तिथला संघर्ष रक्तरंजित झाला. एप्रिल १८१२मध्ये रॉफोल्ड्‌सच्या गिरणीवरचा हल्ला फसला, त्यात हल्लेखोर मारले गेले आणि त्याच महिन्यात विल्यम हॉर्सफॉल या गिरणीमालकाचा गोळ्या घालून खून झाला. या खुनाचे समर्थन करता येत नाही. पण राज्यकर्त्यांनी काय केले तेही बघावे लागते. यंत्र फोडणाऱ्याला देहदंड देणारा कायदा १८१२मध्ये झाला. त्याविरुद्ध लॉर्ड्‌सच्या सभागृहात बोलणारा तरुण कवी बायरन जवळजवळ एकटा पडला. सुमारे १२,००० सैनिक या भागांत उतरवले गेले. १८१३च्या जानेवारीत यॉर्कमध्ये १७ जणांना फाशी दिली. याच काळात मोजे विणणाऱ्यांनी संसदेकडे कायद्याचा मसुदाही नेला होता. त्यात खोट्या मालाला आळा घालण्याची आणि कारागिराची लुबाडणूक थांबवण्याची मागणी होती. तो कॉमन्समध्ये निभावला आणि लॉर्ड्‌समध्ये फेटाळला गेला. संघटना करणे १७९९ आणि १८००च्या कायद्यांनी गुन्हा ठरवलेले होते. अर्ज ऐकला जात नाही आणि एकत्र बसता येत नाही, अशा वेळी उरले ते घणाचे बोलणे. इतिहासकार एरिक हॉब्सबॉम याने १९५२मध्ये हेच मांडले: यंत्रमोड ही बहुतेक वेळा वाटाघाटीचीच एक रीत होती.

हा धागा थेट परळ-लालबागपर्यंत येतो. मुंबईच्या गिरणी कामगाराने यंत्रे फोडण्याचा मार्ग धरला नाही. पण १९२८ सालचा मोठा संप ज्या कारणांनी पेटला त्यांत यंत्राचे कारण अग्रभागी होते. मालकांनी ‘कार्यक्षमते’च्या नावाने नवी पद्धत आणली. दोन साचे, म्हणजे माग, चालवणाऱ्या साचेवाल्याने तीन सांभाळायचे, सूतकताईत एक बाजू पाहणाऱ्याने दोन पाहायच्या. साचा तोच आणि धोटाही तोच. फक्त त्यांच्यामागे उभा राहणारा माणूस कमी. तीन जणांचे काम दोघांवर आले की तिसरा दारावर बदली म्हणून उभा राहणार, हे कळायला अर्थशास्त्र लागत नव्हते. कामगारांचे म्हणणे तांत्रिकही होते: कापूस हलका असेल तर सूत पुन्हापुन्हा तुटते, आणि दोन साच्यांवरची तुटलेली टोके जोडता जोडता जो थकतो त्याला तिसरा कसा पेलेल? एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार बाहेर राहिले. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन याच संपात जन्मली. अखेर चौकशीसाठी नेमलेल्या फॉसेट समितीपुढे दोन्ही बाजू बसल्या आणि कुणी किती साचे चालवायचे हा प्रश्न चर्चेच्या टेबलावर आला. नॉटिंगहॅममध्ये किनारीचा प्रश्न होता, ल्योंमध्ये दराचा, मुंबईत साच्यांच्या संख्येचा. तिन्ही ठिकाणी यंत्र असावे की नसावे हा मुद्दा बहुतेकांच्या मनात नव्हता. यंत्राने वाढलेले काम, वाचलेला वेळ आणि मिळालेला नफा यांची वाटणी कुणी ठरवायची, हे भांडण होते.

आता स्मार्ट कपड्याकडे परत येऊ. या सर्व काळात यंत्र कितीही मोठे झाले तरी ते कामगाराच्या समोर उभे होते. भोंगा झाला की माणूस त्याच्यापासून लांब जाऊ शकत असे. साच्याने किती वार कापड काढले हे मोजले जाई. साचेवाल्याची छाती किती धडधडते हे मोजण्याची सोय नव्हती. हुशार सदरा ती सोय करतो. त्याच्यामुळे मोजमाप मालावरून माणसाच्या शरीरावर सरकते. हे भविष्यातले चित्र रंगवून सांगायची गरज नाही. २०१८च्या सुरुवातीला ॲमेझॉनला एका मनगटपट्टीसाठी पेटंटे मिळाली. गोदामातल्या कामगाराचा हात योग्य कप्प्याकडे जातो आहे की नाही हे ओळखायचे आणि कंपनाने त्याला इशारा द्यायचा, ही तिच्यामागची कल्पना. पेटंट म्हणजे वापर नव्हे, हे खरे. पण आपल्याकडे नागपूर, चंडीगडसारख्या शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे प्रत्यक्ष बांधली गेली. कोण कुठल्या गल्लीत किती वेळ होता याची नोंद कार्यालयातल्या पडद्यावर. कामगारांनी याला विरोध केला. झाडू मारणाऱ्याला चांगले हातमोजे आणि बूट हवे होते. मिळाले ते त्याच्यावर नजर ठेवणारे घड्याळ. घड्याळापासून सदऱ्यापर्यंतचे अंतर फार नाही. घड्याळ निदान काढून ठेवता तरी येते. गणवेशात विणलेला धागा काढून ठेवता येत नाही, आणि गणवेश न घालणे म्हणजे कामावर न येणे.

कायदा या बाबतीत कामगाराच्या पाठीशी उभा आहे असेही म्हणवत नाही. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पाया संमती हा आहे. माझी माहिती घ्यायची तर मला विचारा. पण त्याच कायद्याच्या सातव्या कलमात ज्या कारणांसाठी संमतीची गरज नाही अशी कारणे दिली आहेत, आणि त्यांत नोकरीविषयक कारणे आणि मालकाचे नुकसान टाळणे यांचाही समावेश आहे. गोपनीय कागद फुटू नयेत म्हणून अशी मोकळीक ठेवण्यात अर्थ आहे. पण दुपारी तीन वाजता मंदावलेली नाडी हेही मालकाचे नुकसानच, असे उद्या कुणी म्हणाले तर? लडाइटांच्या काळात कायदा संघटनेला आडवा आला होता. इथे तो आडवा येत नाही, पण दार किलकिले ठेवून बाजूला होतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: लडाइट हरले आणि ते बरेच झाले, यंत्रांमुळे कापड स्वस्त झाले, गरिबाच्या अंगावर दुसरा सदरा आला, नवी कामे निघाली. यातले बरेचसे खरे आहे. पण ‘शेवटी’ चांगले झाले असे म्हणताना मध्ये किती आयुष्ये गेली ते मोजावे लागते. ब्रिटनमध्ये १८२०च्या सुमारास सुती कापडाच्या हातमागावर अंदाजे अडीच लाख विणकर होते. तीस वर्षांत ते पन्नास हजारांच्या खाली आले आणि दरम्यान त्यांची मजुरीही घसरली. त्यांच्या हयातीत तो ‘शेवट’ आला नाही. दुसरे असे की चांगले दिवस यंत्राने आपणहून आणले नाहीत. संघटनांवरची बंदी १८२४मध्ये उठली, कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी १८३३च्या कायद्याने आली, स्त्रिया आणि किशोरांसाठी दहा तासांची मर्यादा १८४७मध्ये. मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४मध्ये गिरणी कामगारांची सभा भरवली, मागण्या लिहून काढल्या, आणि रविवारची सुट्टी मिळाली ती १८९०मध्ये. आज आपण ज्या सुट्टीला निसर्गनियम समजतो ती कुणीतरी यंत्राच्या मालकाकडून मागून घेतलेली आहे. यंत्राने संपत्ती वाढवली. ती खाली झिरपली, ती मागणारे होते म्हणून.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे कपडे जीव वाचवू शकतात. धुरात शिरलेल्या अग्निशमन जवानाच्या शरीराचे तापमान बाहेरच्या अधिकाऱ्याला कळले तर त्याला वेळेत मागे बोलावता येईल. हृदयरुग्णाला चोवीस तास तारा चिकटवून घ्याव्या लागणार नाहीत. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना गेलेल्या माणसाला दाब कुठे वाढतो आहे हे मोजा सांगेल. वैशाखाच्या उन्हात बांधकामावर राबणाऱ्या मजुराला उष्माघाताची सूचना मिळाली तर ती कुणाला नको आहे? हे सगळे मान्य आहे, आणि यातूनच माझा मुद्दा पक्का होतो. रुग्णाचा बनियन आणि हमालाचा गणवेश एकाच धाग्याचा असू शकतो. फरक पडतो तो नाडीचा आकडा कुणाच्या पडद्यावर उमटतो आणि त्यावरून काय ठरते यामुळे. मजुराला चक्कर येण्याआधी सावलीत बसवले तर तो सदरा रक्षक. त्याच आकड्यावरून महिन्याअखेर ‘दमतो लवकर’ असा शेरा मारून त्याचे नाव यादीतून खोडले तर तोच सदरा मुकादम. धागा चांदीचा आहे एवढ्यावरून त्याची जात ठरत नाही.

तिसरे कुणी म्हणेल, कामगाराचे ठीक, पण हौसेने विकत घेणाऱ्यावर कुठे सक्ती आहे? इथे त्या जॅकेटचा शेवट आठवावा. २०२३मध्ये गूगलने ‘जकार्ड’चे ॲप बंद केले. ज्यांनी सुरुवातीला ३५० डॉलर मोजले होते त्यांच्या हाती उरले एक साधे डेनिम. बाहीत धागे अजून आहेत, बोटही फिरवता येते, उत्तर मात्र कुठूनच येत नाही. पहिल्या जॅकेटमधले हे तंत्र दहाएक धुण्यांपुरतेच टिकेल असे तर आधीच सांगितले गेले होते. डेनिमच्या कपड्याकडून आपण वर्षानुवर्षांची अपेक्षा ठेवतो. उसवणाऱ्या मोज्यांवर संतापलेल्या नॉटिंगहॅमच्या कारागिराला हा प्रकार लगेच ओळखू आला असता: किनार नसलेला माल, चांगल्या मालाच्या नावाने. त्यात भर अशी की तांबे-चांदी आणि सूत एकमेकांत पिळलेले असल्याने असे कापड ना धड चिंधीवाल्याच्या उपयोगी, ना धड भंगारवाल्याच्या. आणि एक बाब तर लडाइटांच्या स्वप्नातही आली नसती. त्यांना मालकाचे यंत्र फोडायला रात्री घण घेऊन जावे लागे. आज मालकच दूर बसून आपण विकत घेतलेल्या वस्तूचे काम थांबवू शकतो, आणि त्याबद्दल कुणाला शिक्षा होत नाही.

म्हणून स्मार्ट कपडे नकोत असा निष्कर्ष निघत नाही. लडाइटांच्या, ल्योंच्या विणकरांच्या आणि गिरणगावच्या साचेवाल्यांच्या अनुभवातून निघतात त्या काही साध्या अटी. कामावर घालायच्या कपड्याने काय मोजायचे हे पगार आणि तासांइतकेच वाटाघाटीचे कलम असावे. शरीराची नोंद आधी शरीरवाल्याला दिसावी, आणि जीव वाचवण्यासाठी घेतलेला आकडा कामाचा वेग ठरवायला वापरता येऊ नये. सुट्टीच्या वेळी असा कपडा बंद करता यावा. विकलेल्या कपड्याचे काम कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नसावे, आणि नसेलच जमत तर तो किती वर्षे चालेल हे किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेले असावे. या अटी ऐकायला फार मोठ्या वाटत नाहीत. पण साचे दोन की तीन हा प्रश्नही गिरणीच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला असाच किरकोळ वाटला असता, आणि त्यासाठी दीड लाख माणसे सहा महिने बिनपगारी बसली होती. त्यांना निदान साचे मोजता येत होते. सदऱ्यातल्या धाग्यांची मोजणी करायची तर आधी ते कुठे आहेत आणि काय काय टिपतात हे घालणाऱ्याला सांगावे लागेल. वाटाघाटीची सुरुवात तिथून करता येईल, गणवेश अंगावर चढण्याच्या आधी.